धुराड्यातली काजळी

गणपत धुराडं साफ करत होता आणि मी खुर्चीत बसून नुसती बघत होते. पाचगणीच्या आमच्या घरातली ही शेकोटी, हे गेल्यापासून पेटलीच नव्हती. "बुजवून टाकू, आई," असं लेक म्हणत होती. बुजवण्याआधी एकदा साफ करून बघावं, म्हणून गणपतला बोलावलं.

त्याने बांबूला बांधलेला काथ्याचा ब्रश फिरवला, तशी खालच्या गोणपाटावर डांबरासारखी चिकट ढेकळं पडली.

"साहेब ओली लाकडं जाळायचे ना, बाई?"

"सुकी आहेत म्हणायचे. खोकत खोकत."

तो हसला. "ही काजळी पेटली असती, तर आग छपराला लागली असती. यापुढे वाळलेलंच लाकूड घाला."

माणसाचा चष्मा, कपडे आपण जपून ठेवतो. त्याचा हट्ट कुठे ठेवणार? तो इथे विटांना चिकटून राहिला होता आणि त्यात आमच्या कितीतरी संध्याकाळी होत्या, त्यांचं वाचन, माझी कुरकुर. गणपतने ती काजळी गोणपाटात गुंडाळून उचलली तेव्हा वाईट वाटेल असं वाटलं होतं. पण मोकळंच वाटलं.

मग त्याने कागदाचा बोळा पेटवून आत धरला. धूर सरळ वर गेला.

मी लेकीला फोन केला. "बुजवायचं नाही. थंडीत राहायला ये."

"आणि तो धूर?"

"तुझे बाबा लाकडं निवडायचे तोवर होता," मी म्हटलं.

पलीकडे ती बऱ्याच दिवसांनी हसली.