तालुक्याचं पान

शाल माझ्यासाठी नव्हती. पण ती घेऊन निघालेले गृहस्थ माझ्या दिशेने चालत आले, आणि आमच्या भागात पन्नाशी गाठलेल्या माणसाची मान शाल दिसली की आपोआप खाली जाते. माझीही गेली. गृहस्थांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि भिडेखातर ती माझ्या खांद्यावर टाकली. टाळ्या पडल्या.

शेजारच्या खुर्चीवर माझे सर बसले होते. कातडीच्या आजारांवरचं आमचं त्रैमासिक त्यांनी सुरू केलं, आयुष्यभर चालवलं, आणि त्या दिवशी बिदरमध्ये ते त्यातून निवृत्त होत होते. निरोपाची शाल त्यांची होती. नवा संपादक म्हणून माझ्या वाट्याला नुसता गुच्छ होता. संयोजकांनी मग गुच्छ सरांच्या हातात दिला आणि कार्यक्रम तसाच पुढे रेटला. सर माझ्या कानाशी लागून म्हणाले, “राहू दे. थंडी वाजायली असंल तुला.”

मे महिना होता.

त्या शालीत घामाघूम होऊन मी माझी स्वप्नं वाचून दाखवली. आपलं नियतकालिक आता बिदर-कलबुर्गीपुरतं राहणार नाही. परदेशी परीक्षक लेख तपासतील. मोठमोठ्या शहरांतली कॉलेजं आपल्याकडे संशोधन पाठवतील. वेबसाइट होईल. आणि शेवटचं पान बंद होईल.

या शेवटच्या पानाला सगळे ‘तालुक्याचं पान’ म्हणायचे. आळंद, हुमनाबादकडच्या खेड्यांत दवाखाना चालवणारे डॉक्टर त्यात आपल्याला दिसलेल्या एखाद्याच पेशंटची हकीकत सांगायचे. ना आकडे, ना तक्ते. “जगातल्या कुठल्याही मोठ्या नियतकालिकात असलं पान नसतं,” मी म्हणालो. जगातली मोठी नियतकालिकं मी रोज चहाबरोबर वाचतो, असा माझा सूर होता.

जेवताना सरांनी विचारलं, “मग निंबर्ग्याकडचा डॉक्टर कुठं लिहिणार?”

“त्यांनी संशोधन करावं, सर.”

“व्हय, करावं की,” सर म्हणाले आणि गव्हाच्या गोड हुग्गीवर तूप वाढून घेऊ लागले.

पहिला अंक सरांच्या शिल्लक लेखांवर निघाला. दुसऱ्याच्या वेळी मात्र मी दार उघडं ठेवून बसलो आणि दारात कुणी आलं नाही. परदेशी परीक्षकांनी फार सभ्य भाषेत शुभेच्छा दिल्या. शहरांतून आले ते इतरांनी नाकारलेले लेख. एकाने तर भलत्याच संपादकाला उद्देशून लिहिलेला मायना तसाच ठेवला होता आणि त्यात त्या नियतकालिकाची मी कधी पाहिली नव्हती अशी स्तुती केली होती. तालुक्यातून एक टिपण आलं होतं, निंबर्ग्याच्याच डॉक्टरचं. ते मी ‘एका रुग्णावरून निष्कर्ष काढता येत नाही’ असं कळवून परत केलं होतं.

अशात त्रैमासिक काढणाऱ्या आमच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या सचिवांचा फोन आला. सभासद म्हणतायत, हा अंक वेळेवर निघाला नाही तर आपलं नियतकालिक बंगळूरच्या मोठ्या नियतकालिकात मिळवून टाकावं. नाव जाईल, पण कटकटही जाईल. “सरांना कसं सांगायचं ते तेवढं तुम्ही बघा,” ते म्हणाले.

सरांना सांगणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. त्यांची दृष्टी अधू होत चालली होती. पेपर त्यांनी बंद केला होता, टीव्ही बंद केला होता. आमचा अंक मात्र ते भिंग धरून वाचायचे.

रविवारी मी बायकोला घेऊन कलबुर्गीहून बिदरला गेलो. वाटेत तिच्यासमोर वाक्यांची तालीम केली. ती म्हणाली, “इतकं सजवून कामून सांगायलाव? सरळ म्हणा, येईना गेलंय मला.”

मी सरळ म्हणालो. सर रागावतील अशी तयारी होती, पण ते रागावले नाहीत.

“तुझ्या मनात हाय त्यात वंगाळ काय न्हाई. मोठं व्हावंच की. पण लेख येत नसतात रे. आणावं लागतात.”

“तालुक्याच्या पानाचे तरी यायचे ना, सर?”

“माझ्या येळंला कवाच न्हाई. आपल्या हातानं एकानंबी लिहून धाडलेलं न्हाई.”

मग त्यांनी त्यांची पद्धत सांगितली. दुपारी, जेवणं उरकून दवाखाने रिकामे असतात त्या वेळेला, ते एकेकाला फोन लावायचे आणि विचारायचे, आज काय पाह्यलास? कुणी मराठीत सांगायचा, कुणी कानडीत, कुणी दखनीत, बरेच जण तिन्ही कालवून. सर ते इंग्रजीत उतरवायचे, त्याला वाचून दाखवायचे आणि त्याच्या नावाने छापायचे. म्हणजे इतकी वर्षं मी ज्या पानाला गावठी म्हणत होतो, त्याचं इंग्रजी सरांचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मीही दुपारी फोन घेऊन बसलो. दुबळगुंडीच्या डॉक्टरांनी पहिल्याच रिंगला उचलला आणि दबक्या आवाजात विचारलं, “कोण गेलं, सर?” दुपारच्या वेळी थोरामोठ्याचा फोन आला म्हणजे दुसरं काय असणार. कुणी गेलेलं नाही, सहज केलाय, असं म्हटल्यावर ते आणखीच घाबरले. जनवाड्याचे डॉक्टर तुरीवर बोलले. त्यांना मधेच थांबवून मी शास्त्रीय लेखनाचं महत्त्व समजावत बसलो. आतून बायकोचा आवाज आला, “तुम्हीच बोलायलाव की. त्यानी कवा सांगावं?”

मग मी तोंडावर पालथा हात ठेवून ऐकायला शिकलो. सुरुवातीला खरोखरच हात ठेवावा लागला.

निंबर्ग्याचा फोन मी मुद्दामच मागे ठेवला होता. शेवटी लावला.

“बोला सर,” तो म्हणाला. वयाने माझ्याहून बराच लहान, पण आवाज निवांत. “पेशंट एकच हाय बघा. चालंल का?”

“चालंल.”

“बघा बरं. निष्कर्ष निघत न्हाई म्हणं एकावरनं.”

“सांगा हो, अण्णा,” मी म्हणालो. मी त्याला पहिल्यांदाच अण्णा म्हटलं होतं.

एक तरुण सून आली होती. तोंड सुजलेलं, डोळे मिटलेले, गालांवर लाल चट्टे. काही लावलं का, तर नाही. काही वेगळं खाल्लं का, तर नाही. पावडर नाही, क्रीम नाही. दोन डॉक्टर करून आली होती. दोघांनी खाजेच्या गोळ्या दिल्या होत्या. तात्पुरतं उतरायचं आणि पुन्हा यायचं.

“मग तुम्हाला कसं कळलं?”

“मी काय लावलं म्हणून इचारतच न्हाई, सर. त्याला समदे न्हाईच म्हणतेत. मी इचारलो, घरात कुणाचं गुडघं दुखायलंय?”

सासू सोबत आली होती. तिने पदर सारखा केला आणि खाली बघू लागली. डॉक्टरने तिला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मग गुडघा बघू म्हणाला. गुडघ्यावर काळे डाग. सासू बिब्बा तापवून लावत होती. दुखऱ्या सांध्यावर बिब्बा लावणं आमच्याकडे घरोघरी चालतं, आणि डॉक्टर ओरडतात म्हणून घरोघरी लपवलंही जातं. तापवताना चुलीपाशी बसायची ती सून. बिब्ब्याचा धूर तिच्या तोंडावर उतला होता.

“सुनंला गोळ्या चालू केल्या, ते सोडा. सासूच्या गुडघ्याला बी औषध दिलो. त्याबिगर चुलीवरचा बिब्बा उतरत नसतो.”

मी ते लिहून काढलं, त्याला वाचून दाखवलं. “लईच भारी बोललोय की मी,” तो म्हणाला. त्याच्यामागून दुबळगुंडीही बोलती झाली, जनवाड्यानेही तुरीच्या रानातल्या काँग्रेस गवताने अंग खाजणाऱ्यांची गोष्ट सांगितली. कलबुर्गीच्या मोठ्या मेडिकल कॉलेजातल्या एका प्राध्यापिकेने बिब्ब्याची हकीकत ऐकली आणि आपल्याकडचे असेच पेशंट गोळा करून चक्क आकडे-तक्त्यांचा लेख दिला. अंक वेळेवर निघाला. बंगळूरची बोलणी सचिवांनी थांबवली. वेबसाइटही झाली. परदेशी परीक्षकांना मी अजून लिहितोच, त्यांचे शुभेच्छांचे निरोपही येतात.

अंक द्यायला आम्ही दोघं पुन्हा बिदरला गेलो. सरांनी सवयीने शेवटचं पान उघडलं. तिथे वर्गणीची सूचना होती. त्यांचं बोट त्या पानावरच राहिलं. मी अंक त्यांच्या हातातून घेतला आणि सुरुवातीला उघडून परत दिला. तालुक्याचं पान आता तिथे होतं, आणि एकाची तीन पानं झाली होती. त्यामागे माझं संपादकीय. नियतकालिक वाढवण्याची माझी स्वप्नं त्यात पुन्हा एकदा, जरा आवरून, मांडली होती.

“भिंग दे,” सर म्हणाले. मग पान डोळ्यांजवळ धरून त्यांनी वाचायला सुरुवात केली.

परतताना मी खुशीत होतो. हुमनाबादजवळ चहाला थांबलो तेव्हा बायकोला म्हणालो, “सरांना अंक आवडला.”

“आवडला की. पेशंटाची तिन्ही पानं भिंग लावून वाचली त्यानी. तुमचं आल्यावर भिंग खाली ठेवलं आन् पानं पलटली.” तिने कप खाली ठेवला. “पुढल्या खेपंला ते अर्धंच लिव्हा. तेवढ्या जागंत अजून एक पेशंट मावंल.”