तुमची तामण राहिलीय

पेणमध्ये ज्या कोणाला मोटार चालवता येते, त्याला पांगारा आणि पळस यांतला फरकही सांगता येतो, आणि याला सर्वस्वी एकच माणूस जबाबदार आहे: आमचे ड्रायव्हिंगचे सर. त्यांची एक जुनी पांढरी मारुती होती, पुढे-मागे ‘एल’ची पाटी लावलेली. तिच्या छपरावर लाल पाकळ्या दिसल्या की बाजारपेठेला कळायचं, पांगारा सुरू झाला. पिवळ्या दिसल्या की बहावा. सर रोज सकाळी गाडी लख्ख पुसायचे, छप्पर तेवढं सोडून. एकदा त्यांच्या पत्नीने हौसेने तेही धुऊन काढलं, तर सर दोन दिवस घुश्श्यात होते.

त्यांचा अभ्यासक्रम झाडांवर बेतलेला असे. माघात पहिला गिअर, जिते स्टेशनाच्या रस्त्याला, कारण तिथे काटेसावर फुललेली. फाल्गुनात वळणं घ्यायची ती खोपोलीच्या वाटेवर, पळस बघत. चढावर हाफ क्लच शिकायचा तो बहाव्यासमोरच. गाडी थोडी मागे घसरली तरी चालेल, पण मान वर पाहिजे. आणि शेवटचा लांबचा धडा थेट रोह्याला, नदीकाठच्या तामणीपर्यंत. एकवीस दिवसांच्या शिकवणीत एवढं सगळं बसणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, सरांना मात्र ते मान्य नव्हतं. लायसन मिळून वर्ष लोटलेल्या माणसालासुद्धा ते भर बाजारात अडवायचे, ‘‘तुमचा बहावा राहिलाय. रविवारी या.’’ एक भाजीवाला वैतागून म्हणाला होता, ‘‘सर, मला टेंपो चालवायचाय. बहावा घेऊन काय करू?’’ सर शांतपणे म्हणाले, ‘‘टेंपोला पुढं काच हाय ना? मग बघायचा.’’ तो भाजीवाला आता वैशाखात टेंपो थांबवून बहाव्याखाली डबा खातो.

मी प्राथमिक शाळेतली बाई. मुलांना दरडावायला वाघ, पण स्टिअरिंग हातात आलं आणि पार शेळी झाले. नजर बॉनेटला जी चिकटली ती सुटेना, आणि गाडी रस्त्याच्या दोन्ही कडांना आळीपाळीने भेटी देत निघाली. सर ओरडले नाहीत. ‘‘अवो बाई, बॉनेटात काय हाय? ती बघा काटेसावर, त्या वळणावर. फुलं मोजा.’’ मी मान वर केली, फुलं मोजायला लागले आणि गाडी आपोआप सरळ चालू लागली. ‘‘नजर जाईल तिकडं गाडी जाते,’’ सर म्हणाले. हा माणूस झाडांच्या नादी लागला आहे, असं आम्ही आपसांत हसत म्हणायचो. तो आम्हाला लांबवर बघायला शिकवतोय, हे कळायला मला काही वर्षं लागली.

तर अशीच काही वर्षं गेली आणि एका चैत्रात सरांचा फोन आला, ‘‘बाई, तुमची तामण राहिलीय.’’ मी गेले. मागच्या सीटवर एक नर्स मुलगी होती, तिची शिकवणी चालू होती. सरांनी किल्ली माझ्या हातात दिली; तो मला माझा मान वाटला. वाटेत सर खुशीत होते. नागोठणे मागे पडलं, रोहा आलं, नदीकाठाला लागलो आणि सरांनी बोट केलं, ‘‘बघा बाई! अख्खी जांभळी झालीय!’’

मी बघितलं. समोर हिरवंगार झाड उभं होतं. एकही फूल नाही, नुसत्या कळ्या.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून मुलगी म्हणाली, ‘‘व्हय सर, काय मस्त फुललीय!’’ आरशात तिने ओठांवर बोट ठेवलेलं मला दिसलं. सर चहाच्या टपरीकडे वळले तेव्हा तिने हळूच सांगितलं, ‘‘शिमग्यापासून असंच हाय बाई. आम्ही सगळी होय म्हणतो. बोलू नका, सरांची गाडी बंद पडेल.’’

मी गप्प राहायचं ठरवलं. गाडीशिवाय सर म्हणजे काय, याची मला कल्पनाच करवत नव्हती. पण परतताना डावीकडून एक सायकलवाला एकदम आडवा आला आणि मी करकचून ब्रेक दाबला. सरांच्या बाजूलाही ब्रेक असतो. त्यांचा पाय होता तिथेच होता. सायकलवाला शिव्या देत निघून गेला, तेव्हा कुठे ते म्हणाले, ‘‘काय झालं?’’

मी गाडी कडेला घेतली. ‘‘सर, तामण अजून फुललेली नाही. नुसत्या कळ्या आहेत.’’

मागची मुलगी रडायला लागली. सरांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, ‘‘सगळ्यांना ठाऊक हाय?’’ मी हो म्हटलं. ‘‘मी अंदाजानं सांगायचो, आणि सगळी मला होय म्हणत होती? झाडाबद्दल खोटं बोलत होती?’’ डोळे गेल्यापेक्षा हेच त्यांना जास्त लागलं, असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही वाटतं.

पेणला पोचल्यावर त्यांनी स्वतः चाचपून दोन्ही पाट्या सोडवल्या. त्या मुलीला हाताला धरून ते गावातल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घेऊन गेले आणि तिथल्या माणसाला म्हणाले, ‘‘हिचा रिव्हर्स कच्चा हाय, आणि गुलमोहर राहिलाय.’’ नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत येणार नाही. आहे ते थेंब घालून सांभाळा.

आता आमच्याकडे गाडी आहे. फुलांच्या दिवसांत रविवारी मी सरांना घेऊन निघते. ते डावीकडे बसतात, आणि वळण आलं की नसलेला ब्रेक दाबतात. गेल्या वैशाखात रोह्याला नेलं. झाडाखाली गाडी उभी केली, काच खाली केली. सर म्हणाले, ‘‘सांगा. पण मला बरं वाटावं म्हणून नको.’’

मी बघून बघून सांगितलं, ‘‘नदीकडची एक मोठी फांदी वाळलीय, सर. पार शेंड्यापर्यंत. बाकी सगळी जांभळी आहे.’’

सरांनी मान हलवली. ‘‘फांदी वाळलेली सांगितलीत, म्हणजे फुलं खरी.’’ मग त्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि सीटला डोकं टेकलं. ‘‘हां, आता सावकाश सांगा. खालनं सुरू करा.’’

मी खालच्या फांदीपासून सांगायला लागले.