परसातल्या चुलीवरचं अंडं

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, उन्हाळ्यात अंडं खाल्लं की उष्ण पडतं, हे खरं का?" मी नुसतं "नाही" म्हणाले. पण त्या "नाही"मागे माझी वहिनी आहे, आणि ते फोनवर सांगून होण्यासारखं नाही.

स्वातंत्र्यानंतरची पहिलीच काही वर्षं. आम्ही ठाण्याला, नौपाड्यात राहायचो. मी शाळेत वरच्या वर्गात होते. थोरल्या भावाची बायको, म्हणजे माझी वहिनी, विषमज्वरातून उठली, पण नावालाच. तिचं बाळ तेव्हा नुकतं बसायला लागलं होतं. ते तिच्याकडे झेपावायचं आणि तिला उचलता यायचं नाही. मग माझी आई बाळाला कडेवर घ्यायची आणि वहिनी भिंतीकडे तोंड करून पडायची.

डॉक्टर म्हणाले, "अंडं सुरू करा. रोज एक."

आमच्या घरात अंडं कधी आलेलं नव्हतं. पण आमच्यासारख्या घरांनी एक वाट काढून ठेवलेली होती. दुधात फेटलेलं कच्चं अंडं हे औषध. तेच चुलीवर चढलं की स्वयंपाक, आणि मग सगळं घर बाटलं. शिवाय कच्च्यात ताकद जास्त, असंही सगळे छातीठोकपणे सांगायचे.

कोलशेतकडून भाजी घेऊन येणारी बाई मागच्या दाराने अंडी द्यायची, वर पालेभाजी पसरून. "बामनांच्या घरान अंडी! घ्या वयनी, मी कोनाला नाय सांगत," असं ती आईला इतक्या मोठ्याने म्हणायची की शेजाऱ्यांना कळायचं राहत नसे. टरफलं आम्ही कागदात गुंडाळून केळीखाली पुरायचो.

वहिनी नाक दाबून तो पेला प्यायची. आठवडाही झाला नसेल, तिला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि पुन्हा ताप आला. ऐन वैशाख. घरात एकमताने ठरलं की अंडं उष्ण पडलं. "मी म्हटलंच होतं," असं तर शेजारच्या काकूंपासून सगळेच म्हणाले.

आईने डॉक्टरांना बोलावून सांगितलं, "अंडं बंद केलंय. तिला सोसत नाही."

"कसं देत होता?"

"दुधातून. कच्चंच."

"उकडून का नाही दिलंत?"

"उकडलं की स्वयंपाक होतो ना, डॉक्टर!"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "आई, कच्च्यातून जंतू पोटात जाऊ शकतात, आणि हिच्या आतड्यांत आत्ता काही सोसायचं बळ नाही. दोष अंड्याचा नाही, उन्हाळ्याचाही नाही. कच्च्यात ताकद जास्त, हेही खरं नव्हे; उलट शिजलेलं अंगी जास्त लागतं. पोट बरं झालं की पिवळं घट्ट होईतो उकडून द्या. नाहीतर ही अशीच राहील."

आईची श्रद्धा खोटी नव्हती, आणि सुनेवरची मायाही. पोट ताळ्यावर आल्यावर एका सकाळी ती परसात गेली. आंघोळीचं पाणी तापवायची चूल तिथे होती. तिने जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं त्या चुलीवर ठेवलं आणि मला म्हणाली, "ही न्हाणीची चूल. इथे जे शिजतं त्याला स्वयंपाक म्हणत नाहीत." कोणत्या पोथीत लिहिलंय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

अंडं सोलायला मात्र मलाच लावलं. वहिनीने मीठ-मिरपूड मागितली. खाता खाता म्हणाली, "आई, बाळ आता अंडं खाणाऱ्या आईचं दूध पिणार. चालेल ना?"

"आधी दूध तर येऊ दे अंगात!" आई म्हणाली.

तुम्ही अंडी खुशाल खा, उन्हाळ्यातसुद्धा. फक्त नीट शिजवून. आणि कुणाला त्याने अंगावर पित्त उठत असेल, तर डॉक्टरांना विचारून.

मृगाच्या सुमाराला एकदा बाळ नेहमीसारखं झेपावलं. आईने हात पुढे केले, तर वहिनी म्हणाली, "थांबा, मी घेते." तिने त्याला उचललं, मांडीवर नव्हे, थेट कडेवर, आणि दारापर्यंत चालत गेली. आईने डोळ्यांना पदर लावला. मग लगेच माझ्यावर खेकसली, "बघत काय बसलीस? पातेलं घासून ठेव परसात. उद्या लागेल."