दोन बोटांची जागा

डायव्हर चाचांच्या नजरेत मोजपट्टी होती. माझ्या लग्नात आलेलं लोखंडी कपाट हमाल दारातून आत ढकलत होते, तेव्हा समोरच्या ओट्यावरून चाचांनी एक डोळा बारीक केला आणि म्हणाले, "नाही जात, सर. पाय काढा त्याचे, मंग जाईन." हमालांनी ऐकलं नाही. अर्धा तास झटापट करून, चौकटीचा रंग खरवडून झाल्यावर त्यांनी पाय काढले आणि कपाट अल्लद आत गेलं. चाचा तोवर पेपरात डोकं घालून बसले होते. आपलं खरं ठरलं, हे त्यांनी मान वर करूनही दाखवलं नाही.

जन्मभर एसटी चालवून ते जळगाव जामोदला आमच्या गल्लीत स्थायिक झाले होते. नावानं त्यांना कुणी हाक मारायचं नाही. त्यांच्या घरच्या चाचीसुद्धा "डायव्हरसाहेब मशिदीत गेले हायेत" असंच सांगायच्या. हॉर्न वाजवणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. "हॉर्न म्हंजे आपली घाई दुसऱ्याच्या कानात टाकनं," असं ते म्हणत, पण तेही हळू आवाजात.

गल्लीच्या तोंडाशी, कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या जागेत, कपड्यांचं आणि किराण्याचं एक मोठं दुकान होतं. एकच मजला, पण गाव त्याला मॉल म्हणायचं. शेजारी मोकळं मैदान होतं. खेड्यांवरून खरेदीला आलेल्या जीपा, ट्रॅक्टर, मोटारसायकली तिथं उभ्या राहत. मग दुकानाच्या शेठजींनी मॉल वाढवायला घेतला. मैदानात खड्डे खणले, सळया उभ्या राहिल्या, आणि सगळ्या गाड्या आमच्या गल्लीत शिरल्या. कुणाच्या फाटकासमोर ट्रॅक्टर, कुणाच्या ओट्याला टेकून मोटारसायकल. रोज भांडणं. शेवटी गल्लीनं बैठक घेऊन ठरवलं, तोंडाशी कुलपाचा, गल्लीवाल्यांनाच काढता येईल असा लोखंडी खांब गाडायचा. मी हायस्कुलात गणित शिकवायचो, म्हणून ठराव माझ्याच हातून लिहिला गेला. सही न करणारे एकटे चाचा.

"काऊन, चाचा?" मी विचारलं.

"ते लोक आपल्या घरी नाही आले, सर, बजारात आले. त्यायची जागा ज्यानं खाल्ली त्याले जाऊन बोला. खेड्यातल्या मानसाले बोलनं सोपं हाय म्हनून त्याले बोलून राह्यलो आपन."

मला ते पटलं नाही. मी नुकतीच एक जुनी मोटार घेतली होती आणि ती आठवड्यातून चार दिवस फाटकाआड अडकून पडायची.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. बीटी कपाशीला फवारणी लागत नाही म्हणून लोकांनी ती लावली, पण अळी परत आली. माणसाच्या डोक्याच्या वर गेलेल्या पिकात लोक फवारत हिंडू लागले. बाजाराच्या दिवशी दुपारी माझ्या फाटकासमोर पुन्हा एक जीप उभी दिसली. चाचांचा ओटा रिकामा होता. मी खाली बसलो आणि तिच्या दोन चाकांची हवा सोडून दिली. घरात येऊन हात धुतले.

घटकाभरानं बाहेर गलका झाला. जीपवाला गजानन नावाचा शेतकरी होता. तो खरेदीला आलाच नव्हता. फवारताना विष चढलेल्या धाकट्या भावाला घेऊन तो कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आला होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि ताबडतोब खामगावला न्यायला सांगितलं. भावाला उचलून आणलं तर गाडी जमिनीला टेकलेली. पोराच्या तोंडातून लाळ गळत होती, डोळे उघडे होते, पण समोरचं दिसत नव्हतं.

चाचा मशिदीतून येत होते. त्यांनी जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चावी द्या, सर," एवढंच म्हणाले.

जीप आणि भिंत यांच्यामधून माझी मोटार निघेल, असं मला मुळीच वाटत नव्हतं. चाचांनी आरसे आत वळवले आणि एका दमात गाडी बाहेर काढली. दोन्ही बाजूंना दोन बोटांची जागा राहिली असेल. खामगावपर्यंत त्या पोराचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पोर वाचलं.

परतीच्या वाटेवर नांदुऱ्याला आम्ही दोघंच चहाला थांबलो. चाचा बशीत फुंकर घालत म्हणाले, "दोन चाकं एकाच टायमाले पंक्चर होत नसतात, सर." मी मान खाली घातली. "मी नाही सांगत कोनाले. तुमाले वाटलं तर तुमीच सांगान त्याले. आता मॉलच्या बांधकामाबद्दल नगर परिषदेले एक अर्ज लिहा. माप मी देतो."

नायलॉनच्या दोरीला गाठी मारून चाचांनी गल्ली मोजली, मैदान मोजलं, जीप आणि ट्रॅक्टरही मोजले. नगर परिषदेत सुनावणी झाली. शेठजी म्हणाले, "गिऱ्हाईक आमचं, पण गाडी तर त्याची. ती कुठं लावायची, हे आम्ही कसं सांगणार?"

चाचा उठले. "शेठ, स्टँड बांधताना पह्यले बस कुठं उभी राहीन ते पाह्यतात. तुमी मानसाले बलावलं अन् त्याची उभं राह्याची जागा घेतली. तो जाईन कुठं?"

मॉल वाढला, पण अर्धाच. मागची बाजू गाड्यांसाठी सुटली. बाजाराच्या दिवशी गल्ली अजूनही भरते. खांब मात्र कुणी गाडला नाही. गजाननची पुढं अनेकदा गाठ पडली. तो हात जोडायचा, 'तुमच्या गाडीनं भाऊ वाचला' म्हणायचा, आणि मी विषय बदलायचो.

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात चाचा सकाळी ओट्यावर बसल्याजागी गेले. कब्रस्तानात मी मागे उभा होतो. गजानन भावाला घेऊन आला आणि माझ्या शेजारी थांबला. मी त्याला म्हणालो, "त्या दिवशी तुमच्या गाडीची हवा मी सोडली होती."

भाऊ त्याच्याकडे पाहत राहिला. मग गजानन म्हणाला, "लय उशीर केला, सर, सांगाले."

"हो," मी म्हणालो.

समोर लोक एकेक करून चाचांच्या कबरीला माती देत होते. गजाननने चपला काढल्या, माझ्याकडे न पाहताच माझं कोपर धरलं आणि म्हणाला, "चला, आपला नंबर आला."