बद आवाजाची टोपली

साठच्या दशकात वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यात मी 'ट्रेनिंगवाली बाई' म्हणून रुजू झाले, त्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारची ही गोष्ट. वय बावीस, हातात मुंबईचा कोर्स आणि डोक्यात भलताच आत्मविश्वास.

कोर्समध्ये शिकवलं होतं, आधी डोक्याला नीट कळलं की हात आपोआप वळतो. म्हणून मी पाच नव्या बायकांना रोज फळ्यावर काजूची बी काढून दाखवायची... टरफल, त्यातला चीक, आतला गर. भाजल्यावर टरफल ठिसूळ होतं, म्हणून हलक्या टोल्यानं फुटतं आणि गर अख्खा राहतो.

सगळ्यांना तोंडपाठ. आणि हातोडी मारली की गराचे तुकडे... माझ्या हातूनसुद्धा.

त्यातल्या सुलोचनाची मला फार काळजी. घरात कमावणारी ती एकटीच, आणि शनिवारच्या परीक्षेत अख्खे गर निघाले नाहीत तर तिला घरी पाठवणार होते. शेवटी मी तिला जुन्या भागीरथीकाकींशेजारी बसवलं. काकी माझ्या फळ्याकडे ढुंकूनही बघत नसत. चीक लागू नये म्हणून हाताला राख चोळत एवढंच म्हणाल्या, "कान दी गो. बी सांगता तुका."

दोन दिवसांत सुलोचनाचे गर अख्खे निघायला लागले. मी खट्टू झाले, खरं सांगते.

शनिवारी परीक्षा घ्यायला मुकादम समोर येऊन उभे राहिले. आणि नेमके त्या दिवशी सगळ्यांचेच गर फुटायला लागले. काकींचेसुद्धा... इतक्या वर्षांचा हात, पण त्या नुसता जोर वाढवत होत्या.

सुलोचनानं दोन बिया फोडल्या आणि हातोडी खाली ठेवली.

"काय गो, जमणा नाय?" मुकादमांनी विचारलं.

"आवाज बद येता, टकटक नाय," ती शांतपणे म्हणाली. "म्हणजे टरफल ठिसूळ जाउक नाय. बाईंनी फळ्यार दाखवलेला तसा. भाजूक कमी पडला."

मुकादमांनी टोपली भट्टीकडे परत पाठवली. दुपारी त्याच बिया टकटक फुटल्या, गर अख्खे. सुलोचनाची नोकरी पक्की झाली.

आवाज ऐकणारा कान काकींनी दिला, त्यामागचं कारण फळ्यावर मी दिलं. पण दोन्ही एकत्र कसं करायचं, ते तिला आमच्यापैकी कुणीच शिकवलं नव्हतं...

पुढे नोकरीभर मी लोकांना शिकवत राहिले. ऐकलेलं आणि शिकलेलं जिथे जोडायचं, त्या एका जागेपाशी आलं की मात्र खडू खाली ठेवायचे, आणि मनातल्या मनात सुलोचनाला हात जोडायचे.