सासूबाई आणि नवऱ्याचा उजवा पाय

माझा नवरा भूलतज्ज्ञ आहे. आठवडाभर लोकांना झोपवतो आणि रविवारी काळे-पांढरे पट्टे असलेला शर्ट घालून इथे विलायतेत, क्रॉयडनच्या एका पार्कात अमेरिकन फुटबॉलचा लाइन जज होतो. ऑफिशियल्स कमी पडतात म्हणून एका सहकाऱ्याने त्याला ओढलं, आणि तो रमला.

नागपूरहून सासूबाई आल्या, तेव्हा त्यांनाही मॅचला नेलं. घडीची खुर्ची, शाल, थर्मास. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्यायचा, इतकं मी त्यांना समजावून ठेवलं होतं.

निळ्या शर्टवाल्या टीमचा चौथा प्रयत्न होता. त्यांचा एक धिप्पाड गडी चेंडू घेऊन घुसला, आणि समोरच्या लाल शर्टवाल्या पाचसहा जणांनी त्याला उचलून चांगलं चार यार्ड मागे नेऊन आपटलं. नवरा मात्र धावत पुढे गेला आणि उजवा पाय रोवून उभा राहिला.

"अगं, तो तर मागे पडलाय," सासूबाई म्हणाल्या.

लोकांनी मागे ढकललेलं धरत नाहीत, गडी स्वतः जिथवर पोचला तिथेच चेंडू ठेवतात आणि ती जागा लाइन जज पायाने धरून ठेवतो, असं मी सांगितलं. त्यांना ते फार पटलं.

तेवढ्यात कोणाचा तरी लॅब्रॅडोर आला आणि चेंडू तोंडात धरून ट्रामच्या रुळांच्या दिशेने सुटला. दुसरा चेंडू निळ्यांच्या कोचच्या गाडीत होता आणि गाडीची किल्ली खिशात घेऊन कोच कुत्र्यामागे पळाला होता. नवरा हलेना. चेंडू येईपर्यंत त्याचा पाय हीच एक खूण होती. पाऊस भुरभुरू लागला, तशा सासूबाई छत्री घेऊन उठल्या. त्या मैदानात शिरल्या आणि त्यांनी लेकाला चहा दिला. त्यांना अडवावं की नाही, हे कोणालाच सुचलं नाही.

अखेर लाळेने माखलेला चेंडू परत आला. नवऱ्याच्या बुटाजवळ ठेवला. दहा यार्डांची साखळी ताणून मोजलं. चेंडू दोन बोटं पुढे भरला. निळ्यांनी उड्या मारल्या. लालवाल्यांचा कोच चिडून बुटाकडे बोट दाखवत म्हणाला, की चहा घेताना पाय सरकला. आणि त्याने सासूबाईंकडे पाहिलं. इंग्रजी न कळताही त्यांना प्रश्न कळला.

"हलला ना. कप घेताना पुढे आला, चांगला वीतभर."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तोंड उघडायच्या आत नवऱ्यानेच ते रेफरीला इंग्रजीत सांगितलं. रेफरी गंभीर माणूस. आई ऑफिशियल नसतात, तुला काय वाटतं ते सांग, असं तो म्हणाला. नवऱ्याने आईकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं आणि हलला असेल म्हणाला. चेंडू वीतभर मागे गेला. पुन्हा मोजलं, कमी भरला, चेंडू लाल टीमला मिळाला. त्यांच्या कोचने सासूबाईंना बिस्किटांचा अख्खा पुडा आणून दिला.

गाडीत बसल्यावर नवऱ्याने विचारलं, "आई, खरंच वीतभर होता?"

"वीतभर कुठला. चार बोटं असेल. पण चार बोटं म्हटलं असतं तर कोणी ऐकलं असतं का?"

चार बोटं धरली तरी चेंडू कमीच भरला असता, हा हिशोब करायला नवऱ्याला घराच्या वाटेवरच्या पर्लीपर्यंत वेळ लागला. मग त्याने एक बिस्किट मागितलं.

पुढच्या रविवारी सासूबाई पुन्हा तयार होऊन बसल्या. पार्कात पोचल्यावर रेफरी स्वतः चालत आला आणि त्याने त्यांची खुर्ची उचलून मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, लेकापासून लांब, ठेवली.