जमा न केलेली डबी

मी निलंगा-नांदेड गाडीवर कंडक्टर होते तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी गाडी आगारात लागली आणि मागच्या सीटखाली एक चांदीची डबी सापडली, दोरा तुटलेली. उघडून बघायची गरज नव्हती. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात असते तीच ती, आत इष्टलिंग.

नियम मला पाठ होता. गाडीत सापडलेली वस्तू त्याच दिवशी नोंद करून आगारात जमा करायची. नाही केली तर चौकशी, निलंबन. वस्तू किमती असेल तर पोलिसांत अपहाराचा गुन्हा. पण जमा करायची म्हणजे त्या कपाटात, बेवारस चपला आणि आंबलेल्या जेवणाच्या डब्यांशेजारी. कुणाचं लिंग मी तिथे कसं ठेवणार? माझा हातच होईना. रुमालात गुंडाळून घरी नेलं, देव्हाऱ्यात ठेवलं, सकाळी आपल्या लिंगाबरोबर त्यालाही विभूती लावली, बेल वाहिला. माणूस याच रस्त्यावरचा असणार, भेटला की हातात देऊ, असं मी शहाणीने ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंट्रोलर साहेबांनी विचारलं, काल गाडीत चांदीची डबी सापडली का? एक म्हातारे सकाळीच येऊन कपाट बघून गेले होते, तक्रारही लिहून दिली होती.

"न्हाई," मी म्हणाले.

तो शब्द तोंडातून कसा गेला, देव जाणे. सापडली होती म्हणावं तर काल का दिली नाही, हा प्रश्न आलाच असता. आता मात्र मी सरळ चोर ठरले होते. परतीच्या फेरीत एक हवालदार चढला आणि माझ्या हातून तिकिटाचं मशीन निसटलं. तो बिचारा विष्णुपुरीचं तिकीट मागत होता. घरी पोराने गृहपाठाची वही पुढे केली तर मी त्याच्यावरच खेकसले. नोकरी गेली तर त्याच्या शाळेचं काय, एवढंच डोक्यात फिरत होतं. नवऱ्यालाही सांगायची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी राहवेना, म्हणून गाडीवरच्या ड्रायव्हर चाचांना सगळं सांगितलं. ते पंचवीस वर्षं गाडी चालवत होते. म्हणाले, "ताई, आजच सापडली म्हणून जमा करून टाका. कोण बघून राहिलं?"

मला ते पटलं. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी डबी पिशवीत घालून आणली. फेरी संपल्यावर आजची तारीख टाकून नोंद करायची, एवढंच उरलं होतं.

फेरी संपवून आले तर कंट्रोलरच्या खोलीबाहेर बाकावर ते म्हातारे बसले होते, भिंतीला टेकून, डोळे मिटून. शेजारी त्यांची सून. मी काही विचारायच्या आत तीच बोलायला लागली. लिंगपूजा झाल्याशिवाय मामंजी अन्न घेत नाहीत. मठातले स्वामी दुसरं लिंग द्यायला तयार होते, पण जन्मापासूनचं आहे, सापडेल, म्हणून हे हटून बसले होते.

"तीन दिवस झाले बाई, नुस्त्या पाण्यावर हायत."

मी देव्हाऱ्यासमोर हात जोडून, पोटभर जेवून ड्युटीवर येत होते, ते हेच तीन दिवस.

डबी मी त्यांच्या हातात दिली आणि कंट्रोलर साहेबांसमोर ती सापडली त्या पहिल्या दिवसाचीच तारीख सांगितली. म्हाताऱ्यांनी डबी कपाळाला लावली, बाटलीतल्या पाण्याने बाकावरच पूजा केली. पाणी ओतताना सुनेने त्यांचे हात धरून ठेवले. मग तिने भरवलेला पहिला घास घेतला.

आठ दिवसांनी खात्याचं आरोपपत्र आलं. चाचा म्हणाले, देवापायी झालं असं लिहा, साहेब लोक समजून घेतील. मी खुलाशात लिहिलं की वस्तू माझ्याकडे होती, विचारल्यावर मी नाही म्हणाले, शिक्षा मान्य आहे. देवाचं नाव घालायची मला लाज वाटली.